शिळी सही
लोहाऱ्याच्या शाल्मलीनं घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर स्वतःचा सोशल नेटवर्क सर्व्हर उभा केला. पांढरकवड्याला दिलेल्या तिच्या बहिणीचा, सुरभीचाही, असाच सर्व्हर होता. पण शाल्मलीचा प्रत्येक निरोप, पाठवणाऱ्याची ओळख पटवणारी त्यासोबतची डिजिटल सही न पटल्यानं, तो 'सही अमान्य' म्हणून परत पाठवायचा.

"ताई, तुया सर्व्हर मले काहून हाकलून राह्यला?" तिनं फोनवर विचारलं.

"सहीत तारीख-वेळही जाते ना, येडे! शिळी सही थो घेत नाही. तुयं घड्याळ पाह्य."

कॉम्प्युटरचं घड्याळ खरंच कालच्या दिवसात अडकलं होतं. शाल्मलीनं ते नीट लावलं आणि पुन्हा लिहिलं, "ताई, मीच व्हय!"

"आली, आली!" सुरभी फोनवरच किंचाळली. शाल्मली पलंगावर उड्या मारू लागली, आणि काय झालं म्हणून धावत आलेल्या आईलाही तिनं धरून गरागरा नाचवलं.