अर्ध्या इंचाची नोंद

मित्रांनो, मी एका शिंप्याच्या दुकानातला जुना संगणक आहे. सध्या इस्त्रीच्या टेबलाखाली असतो. माझ्या डोक्यावर अस्तराच्या कापडाचे तागे ठेवले आहेत. माझं आयुष्य सांगण्याजोगं आहे की नाही, याची मलाच शंका आहे. तुम्हाला कंटाळा आला तर खुशाल उठून जा.

माझा जन्म कारखान्यात झाला. तो मला आठवत नाही. पाठीवरच्या चिठ्ठीवर तारीख आहे, म्हणून मानायचं. मला या दुकानात आणलं ते मास्तरांच्या मुलीने. तोवर गिऱ्हाइकांची मापं एका जाड वहीत असत. मुलगी ती वही समोर ठेवून एकेक माप माझ्यात भरू लागली. नाव, फोन नंबर, उंची, छाती, खांदा, बाही. तिची आई शेजारी बसून शर्टांना काजं करत असे.

"आधी माझं माप टाक," आई म्हणाली. "यंत्र बिघडायचंच असेल तर घरच्या माणसावर बिघडू दे."

म्हणून माझ्यातली पहिली नोंद तिची होती. फोन नंबर घरचा. घरात फोन एकच होता.

मास्तरांचा एक नियम होता. "जुनं माप म्हणजे खोटं माप," ते म्हणत. गिऱ्हाईक महिन्याभराने आलं तरी ते नव्याने टेप लावत आणि वहीतलं जुनं माप खोडून टाकत. मुलीने मलाही तेच शिकवलं. एका नंबरावर एकच नोंद. नवी आली की जुनी गेली. फक्त आधी मी विचारायचं, 'या नंबरावर नोंद आहे. बदलायची का?'

मास्तरांनी हा प्रश्न कधी वाचला नाही. गळ्यात टेप, कानावर खडू, आणि अंगठ्याने 'हो'.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. नंबर सांगितला की माप हजर. एक ढेरपोटे गृहस्थ दर वेळी भांडत. "मास्तर, तुमची टेप आखडलीय!"

"टेप जुनीच आहे साहेब," मास्तर म्हणत. "आत काय काय नवीन आलंय ते तुम्ही बघा."

सगळी मापं माझ्यात आली, तेव्हा वहीची पानं आईने बटणांच्या पुड्या बांधायला घेतली. काटकसरीची होती ती.

एके वर्षी मास्तरांनी स्वतःसाठी कोट शिवायचा ठरवला. शिंप्याला स्वतःचं माप घेता येत नाही. आईने टेप लावली, ती आकडे सांगत गेली, मास्तर माझ्यात घालत गेले. नंबर घरचाच. मी विचारलं. त्यांनी 'हो' दाबलं. आईचं माप पुसलं गेलं. ती मागेच उभी होती, म्हणून कुणाला काही कमी पडलं नाही.

दोन वर्षांनी चार दिवसांच्या तापात ती गेली.

पंधरा दिवसांनी दुकान उघडलं. तिने स्वतःच्या कोटासाठी निवडलेलं कापड कपाटात होतं. राखाडी, निळ्या रेघेचं. मास्तरांनी ते टेबलावर पसरलं.

"बाबा, कुणासाठी?" मुलीने विचारलं.

"तिचं कापड आहे. तिच्या मापाचंच होईल. काढ माप."

मुलीने घरचा नंबर घातला. मी छाती बेचाळीस दाखवली.

"हे तुमचं आहे, बाबा."

"मग तिचं?"

मुलगी बराच वेळ शोधत होती. मला दुःख झालं, असं म्हणायची सोय नाही. माझा पंखा फिरत होता. मला सांगितलं तेच मी केलं होतं.

"बाबा, माझं माप घ्या," शेवटी ती म्हणाली. "सगळे म्हणतात, मी आईसारखी दिसते."

मास्तरांनी तिच्या खांद्यावर टेप ठेवली आणि उचलून घेतली.

"तुझे खांदे सरळ आहेत. तिचा डावा अर्धा इंच उतरता होता. मी कोटात त्या बाजूला कापसाची एक जादा घडी घालायचो. तिला कधी सांगितलं नाही."

"बाकीचं?"

"बाकीचं आठवत नाही. दर वेळी नव्याने घेत होतो ना."

मुलीने नवी नोंद उघडली. आईचं नाव लिहिलं. "नंबर कुठला टाकू?"

"घरचाच."

"विचारतोय, जुनी नोंद बदलायची का? तुमचं माप जाईल बाबा."

"जाऊ दे. मी आहे अजून."

ती नोंद माझ्यात आहे. डावा खांदा, अर्धा इंच उतरता. बाकी रकाने कोरे. मास्तरांनी कापडाची घडी घालून ते परत कपाटात ठेवलं.

मित्रांनो, मी उपदेश करावा इतका शहाणा नाही. पण आम्ही यंत्रं काही पुसण्याआधी एकदा विचारतो. दुसऱ्यांदा विचारत नाही. तेव्हा तेवढं वाचत जा. आणि जुनी वही लगेच फाडू नका.

गेल्या आठवड्यात टेबलावर नवा संगणक आला. मुलगी माझ्यातली मापं तार जोडून त्याच्यात नेत होती. मध्येच तो थांबला. मुलीने पडद्यावरचं वाचलं. "एक नोंद अपुरी आहे. गाळायची का?"

मास्तर कापड कापत होते. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि खिशातून चष्मा काढला.

"थांब," ते म्हणाले. "मला वाचू दे."