चित्राऐवजी मजकूर

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मामांनी कॉलेजात नाव घातलं, तेव्हा गल्लीने 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसून घेतलं. फोटो स्टुडिओ बंद करून चार वर्षं झालेली, घरात बोलायला एक थोरली बहीण, आणि हा माणूस मंगळवारी-गुरुवारी दुपारी वही काखोटीला मारून निघतो कुठे, तर वेब पेज बनवायला शिकायला. 'प्राथमिक अभ्यासक्रम, बारा आठवडे, पूर्वज्ञानाची गरज नाही' अशी पाटी कॉलेजच्या फाटकावर होती. त्यातलं शेवटचं मामांना फार आवडलं होतं.

खरं कारण मात्र वेगळंच होतं. मामांना खोटं बोलण्याचा कंटाळा आला होता. कंटाळा म्हणजे खोटं सोडून द्यावं असा नव्हे. ते आपल्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी बोलावं, असा.

ताईच्या खोलीत पलंगासमोर एक फोटो होता. खुर्चीवर तरुण ताई, तिच्या मांडीला टेकून सहा वर्षांची मुलगी. ही ताईची एकुलती एक चिंगी. हा फोटो काढल्यावर आठवड्याभरात तापाचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत पोर गेली. दुसरा फोटो नव्हता. त्याला आता एकतीस वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी ताईचे डोळे पूर्ण गेले, तेव्हापासून ती रोज संध्याकाळी म्हणायची, "फोटो सांग रे." आणि मामा समोर उभे राहून सांगायचे, "तू बसलीयस, चिंगी तुला टेकून उभी आहे, हसतेय." रोज. 'चिंगी' म्हणताना त्यांची जीभ टाळूला चिकटायची.

कारण फोटोतली मुलगी चिंगी नव्हती.

मामा स्टुडिओवाले खरे, पण त्यांचं नाव होतं रिटचिंगसाठी. निगेटिव्हवर बारीक पात्याने खरवडायचं, पेन्सिलने भरायचं. देवीचे व्रण, सुरकुत्या, तिरळे डोळे, सगळं जायचं. घोळक्याच्या फोटोत कुणी डोळे मिटले, तर दुसऱ्या निगेटिव्हवरचं डोकं आणून असं बसवायचे की सख्ख्या आईलाही कळू नये. चिंगी फोटो काढताना हलली होती. तिचे डोळे दुहेरी आले होते. ती गेल्यावर मामा ते डोळे साफ करायला बसले, हात थरथरत होता, आणि पातं खोल गेलं. चेहरा निघून आला. छापून पाहिलं तर मानेवर काळा डाग. चिंगीचा फोटो काढला त्याच दिवशी, त्याच खुर्चीवर, त्याच उजेडात एका गिऱ्हाइकाच्या मुलीचा फोटो काढलेला होता. मामांनी तिचं डोकं बसवलं. ताईने फोटो छातीशी धरला आणि म्हणाली, "अश्शीच दिसायची." आता हिला कसं सांगायचं, मागाहून सांगू, असं म्हणता म्हणता एकतीस वर्षं निघून गेली. भित्र्या माणसाला 'मागाहून' हा शब्द फार उपयोगी पडतो.

तर अशा माणसाला कुणीतरी सांगितलं, की वेब पेजवर चित्र टाकलं आणि त्याच्यासोबत मजकूर लिहिला, की कॉम्प्युटर तो आंधळ्या माणसाला वाचून दाखवतो. हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा. मामांनी दुसऱ्याच दिवशी नाव घातलं.

लॅब दुसऱ्या मजल्यावर होती. वीस कॉम्प्युटर, निळ्या खुर्च्या, खिडक्यांना जाड पडदे आणि एक पंखा, जो फिरण्यापेक्षा कुरकुरत जास्त होता. शिकवणाऱ्या मॅडम मामांच्या निम्म्या वयाच्या, पण शिस्तीला करड्या. "उघडलेलं बंद करा," हा त्यांचा मंत्र. कुठलीही खूण, म्हणजे टॅग, उघडली की ती बंद करायची, नाहीतर पान पसरतं. मामांच्या शेजारी एक नर्सबाई बसायच्या. ड्यूटी संपवून तशाच यायच्या आणि मामांची खूण उघडी राहिली की पेनाने स्क्रीनवर टकटक करायच्या.

पाचव्या आठवड्यात चित्रं आली. मॅडम म्हणाल्या, "चित्राऐवजी वाचायचा मजकूर लिहिला नाही, तर मी पान तपासणारच नाही. ज्याला दिसत नाही त्याला चित्रात काय आहे ते कळलं पाहिजे. जे आहे ते लिहा. काव्य नको."

मामांनी फोटो टाकला आणि दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'ताई आणि तिची मुलगी चिंगी, स्टुडिओत, खुर्चीजवळ.' हेडफोन कानाला लावले, वाचणारा प्रोग्रॅम सुरू केला. बाईचा सपाट आवाज आला. ना राग, ना लोभ.

"ताई आणि मुलगी, स्टुडिओत, खुर्चीजवळ."

मामांनी पुन्हा ऐकलं. तेच. त्यांनी लिहिलेलं तपासलं. 'तिची' होतं, 'चिंगी' होतं. त्यांनी हेडफोन नर्सबाईंना दिले.

"बरोबर वाचतेय की," नर्सबाई म्हणाल्या. "ताई आणि तिची मुलगी चिंगी. कान तपासून घ्या मामा, आमच्याकडे या."

मामा हसले. वयावर ढकललं की बरंच काही खपतं. पण घरी जाताना ते जिन्यावर दोनदा थांबले, मागून कुणी येतंय का ते बघायला. कुणी नव्हतं.

गुरुवारी त्यांनी मजकूर पुसून नव्याने लिहिला. हेडफोन लावले.

"ताई," आवाज म्हणाला, आणि जरा थांबला. यंत्र थांबत नाही, हे एव्हाना मामांना माहीत झालं होतं. "आणि दुसऱ्या कुणाची मुलगी."

मामांची पाचावर धारण बसली. हे कोणाला माहीत होतं? निगेटिव्ह त्यांनी स्वतःच्या हाताने जाळलं होतं. बायकोलाही, ती होती तोवर, सांगितलं नव्हतं. त्यांनी लॅबभर नजर फिरवली. अठरा पोरं आपापल्या पानांत नाक खुपसून बसली होती. मॅडम कुणाची तरी उघडी खूण बंद करत होत्या. म्हणतात ना, चोराच्या मनात चांदणं. मामांनी स्वतःची तशीच समजूत घातली: आपणच ऐकतोय, आपलंच मन बोलतंय.

मग त्यांनी सरळ मजकूरच काढून टाकला. अवतरणचिन्हं तेवढी उरली, मध्ये काही नाही. मॅडमनी सांगितलं होतं की तिथे रिकामं ठेवलं तर वाचणारा प्रोग्रॅम ते चित्र सोडून पुढे जातो. मामांनी हेडफोन लावले. पंख्याची कुरकुर बंद झाली, लॅबचा आवाज दूर गेला. बराच वेळ काही नाही. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला तेवढ्यात, त्याच सपाट आवाजात, अगदी कानाशी:

"पातं लागलं तेव्हा ती हसत होती."

मामांनी हेडफोन असे ओढले की वायर टेबलावरून खाली आली. नर्सबाईंनी त्यांचं मनगट धरलं, घड्याळ पाहिलं, आणि पाणी आणून दिलं. "घरी कुणी आहे का?" त्यांनी विचारलं. "बहीण आहे," मामा म्हणाले, आणि त्यांना रडू आलं. का ते नर्सबाईंनी विचारलं नाही. त्या बऱ्या होत्या.

शहाणा माणूस इथे कॉलेज सोडता. मामांनीही सोडलं असतं, पण ताईने ऐकलं होतं. पान होणार, आपल्याला फोटो हवा तेव्हा ऐकता येणार, म्हणून ती दिवस मोजत होती. त्यात मॅडमचा नियम: शेवटच्या तासाला प्रत्येकाने घरचं एक माणूस आणायचं आणि त्याच्या हाती पान द्यायचं. शेजारी बसायचं, पण मदत करायची नाही. आपण बनवलेलं आपल्याला नेहमीच चांगलं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. ताईने साडी आठवडाभर आधीच काढून ठेवली.

त्या आठवड्यात मामांना खरं सांगायची दहा वेळा संधी आली. भाजी चिरताना आली, डोळ्यांत औषध घालताना आली. दहाही वेळा ते म्हणाले, "काही नाही गं." झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांना पाठ होतं. आदल्या तासाला त्यांनी मजकूर पुन्हा जसाच्या तसा लिहिला: ताई आणि तिची मुलगी चिंगी. हेडफोन लावले. आवाजाने अक्षरन् अक्षर बरोबर वाचलं. पाच वेळा ऐकलं, पाचही वेळा बरोबर. मामांना वाटलं, सुटलो.

शेवटच्या तासाला लॅब भरून गेली. कुणाची आई, कुणाचा नवरा, नर्सबाईंची सासू. मामांनी ताईला खुर्चीवर बसवलं, हेडफोन घातले, तिचं बोट बटणावर ठेवलं. "हे दाब, की वाचेल." ताईने दाबलं.

ते वाक्य वाचायला फार तर पाच सेकंद लागत. मामांनी मनात मोजले. पाच झाले, दहा झाले. ताई सरळ बसून ऐकत होती. तिने बटण पुन्हा दाबलं नव्हतं. हात मांडीवर होते. मिनिट झालं. तिचे ओठ हलले.

"हो," ती हळूच म्हणाली. मग, "हो का? मग?"



"दुखलं का गं?" ताई म्हणाली. आणि ऐकत राहिली. आजूबाजूला लोक हसत होते, खुर्च्या सरकवत होते, मॅडम शेवटच्या रांगेत गुण मांडत होत्या. ताईच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं.

पाव तासाने तिने एका कानावरचा हेडफोन सरकवला. मामांच्या दिशेला तोंड केलं, पण थोडं चुकून, खिडकीकडे.

"फोटोतली मुलगी कोणाची रे?"

मामांनी सांगितलं. सगळं, एका दमात, हलक्या आवाजात. पातं, काळा डाग, गिऱ्हाइकाची मुलगी. सांगताना त्यांना वाटत होतं, ती किंचाळेल, कानाखाली मारेल. मारती तर बरं झालं असतं.

"नाव काय होतं त्या पोरीचं?" ताईने विचारलं.

"विचारलं नव्हतं."

"मी एकतीस वर्षं रोज रात्री तिला झोप म्हणत होते," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "आणि माझी मला आठवेनाशी झाली. डोळे मिटले की ही दुसरीच यायची. मला वाटायचं, मीच वाईट आई. पोटच्या पोरीचा चेहरा विसरले. हे मी कुणाला सांगू शकले नाही, तुलाही नाही."

चेहरा खरवडला तो एकदाच, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते.

"आता ती स्वतः सांगतेय," ताई म्हणाली. "कपाळापासून सुरुवात केलीय. भुवयांपर्यंत आलो आम्ही."

मामांनी वाकून तो सरकवलेला हेडफोन आपल्या कानाशी धरला. आत काही नव्हतं. नुसती तारेची बारीक खरखर. ताईच्या दुसऱ्या कानावरचा तसाच होता, आणि ती मान हलवत होती.

तेव्हा मामांच्या लक्षात आलं, की आपल्यालाही आठवत नाही. त्या चेहऱ्याकडे सगळ्यात जवळून, भिंगातून, पाहणारा शेवटचा माणूस आपण, आणि मनात ती परकी पोर सोडून काही येत नाही. एकुलती एक भाची, खांद्यावर बसून मिशी ओढणारी. मिशी आठवली, ओढणारा हात आठवला. त्याच्या वर काहीच नाही.

"ताई," ते म्हणाले, "मलाही सांग गं. कशी दिसत होती ती? मी पाया पडतो तुझ्या."

ताईचा चेहरा मऊ झाला. शेवटी पाठचा भाऊ. "थांब," ती म्हणाली, "तिला विचारते." तिने मान खाली घातली, काहीतरी पुटपुटली, आणि ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग तिने चाचपडत मामांचा हात शोधला आणि थोपटला, लहान मुलाला थोपटावं तसा.

"नको म्हणतेय," ती म्हणाली. "म्हणते, मामाला सांगू नकोस."

आणि ताईने हेडफोन पुन्हा दोन्ही कानांवर नीट बसवले.