खालचं पाणी

आमच्या घरात जो तो पाण्यातला जाणकार. बाबा पाणी चाखतात, मी पाणी गाळते आणि धाकट्या भावाला पाणी नुसतं बघितलं तरी मळमळतं. लहानपणी होडीत पाय टाकायचा तर त्याला खिशात लिंबू लागायचं, म्हणून त्याचं नाव लिंब्या पडलं ते पडलंच. आणि शेवटी पठ्ठ्याला नोकरी कुठे लागली, तर भर समुद्रात तेलाच्या विहिरी खणणाऱ्या कंपनीच्या बोटीवर. अजूनही खिशात लिंबू घेऊनच जातो.

आमचा धंदा कालवांच्या बियांचा. शिंपल्यातल्या कालवांची पिल्लं आम्ही टाक्यांत वाढवतो आणि ती नखाएवढी झाली की खाडीत कालवं पोसणारे लोक घेऊन जातात. पत्र्याची लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना टाक्या, हवेच्या नळ्यांची दिवसभर बुडबुड आणि अगदी टोकाला आयांचा हौद. आया म्हणजे जुनी, मोठी, ओबडधोबड कालवं. पूर्वी या खाडीत एक रोग आला होता, त्यात झाडून सगळी कालवं मेली आणि मूठभर तेवढी उरली. बाबांनी ती चिखलातून वेचून आणली आणि त्यातली दणकट निवडत निवडत हा वंश राखला. यांच्या पिल्लांना तो रोग होत नाही. दुसरी कालवं कुठेही मिळतील, ही मिळणार नाहीत. मला ताप आला तर बाबा म्हणतात, गोळी घेऊन पड; आयांचं पाणी जरा कोमट झालं की भरल्या ताटावरून उठतात. यावरून मी त्यांना जन्मभर टोमणे मारत आले आहे आणि त्यांनी ते जन्मभर या कानाने ऐकून त्या कानाने सोडले आहेत.

टाक्यांना पाणी येतं ते धक्क्याजवळ, अगदी तळाशी सोडलेल्या पाइपातून. तो तळाशीच हवा हा बाबांचा हट्ट. वाईट ते तरंगतं, असं त्यांचं म्हणणं. कचरा वर, होड्यांचं डिझेल वर, पावसाचं गोडं पाणी वर. खाली समुद्र आपला स्वच्छ. रोज सकाळी ते धक्क्यावरून बादली सोडायचे, वरचं पाणी घोटभर तोंडात घोळवायचे, थुंकायचे आणि म्हणायचे, "चालेल." वरचं चालत असेल तर खालचं पळेलच, असा हिशेब. शितावरून भाताची परीक्षा. ती कधी चुकली नव्हती, त्यामुळे मीही तिच्यावर कधी शंका घेतली नाही.

मग लिंब्याच्या कंपनीची एक तेलाची विहीर फुटली. आम्हाला कळलं ते लिंब्याकडूनच. फोन खरखरत होता आणि तो घाईघाईने सांगत होता, की विहिरीच्या तोंडावरची झडप तुटली आहे, तेल काही केल्या थांबत नाही आणि वारा नेमका आपल्या खाडीकडे आहे. पाणी आत घेणं ताबडतोब बंद करा, आणि मी सांगेपर्यंत उघडू नका. बाबा कुरकुरले. तेल वरून जाईल, आपला पाइप खाली आहे, असं त्यांचं चाललं होतं. पण पोरगा त्यातलाच माणूस, सांगतोय तर ऐकावं, म्हणून अखेर त्यांनी व्हॉल्व्ह फिरवला.

साठवणीच्या टाकीत होतं तेवढंच पाणी आम्ही गाळून गाळून पुन्हा फिरवायला लागलो. दारं-खिडक्या लावून एकाच खोलीत माणसं कोंडावीत, तसं झालं. एरवी मायक्रोस्कोपखाली पिल्लं नुसती भिरभिरत असतात. आता एखादी गिरकी घ्यायची आणि थांबायची. आयांनी तर शिंपले घट्ट मिटून घेतले. पाणी पसंत पडलं नाही की कालव असंच करतं, तोंड मिटून दिवसच्या दिवस बसतं. मी म्हटलं, अगदी तुमच्याच वळणावर गेल्यात. बाबा हसले नाहीत. ते स्टूल घेऊन हौदाशी बसून होते.

तेल आलं ते तिसऱ्या दिवशी दुपारी. आधी वास आला, गॅरेजमध्ये शिरल्यासारखा. मग पाण्यावर रंगीत पापुद्रा आणि त्याच्यामागे तपकिरी, जाड साय. कंपनीच्या माणसांनी तेल अडवायला खाडीच्या तोंडावर नारिंगी फुगीर नळ्यांची माळ अंथरली. लाट आली की तेल तिच्यावरून निवांत आत यायचं. आम्ही सगळे धक्क्यावर ओळीने उभे होतो. एक म्हातारा कोळी बादलीने तेल काढून पिंपात ओतत होता. पिंप भरलं, तेव्हा ते ठेवायचं कुठे हे त्याला कळेना, आम्हालाही कळेना. मला कंपनीचा राग आला, वाऱ्याचा आला आणि सगळ्यांत जास्त माझ्या लोंबत्या हातांचा आला. इतकी भांडकुदळ मी, पण भांडायला समोर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक बोट आली. दोन्ही अंगांना लांब दांडे पसरून ती खाडीत फेऱ्या मारत राहिली आणि दांड्यांमधून काहीतरी फवारत राहिली. आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी बघते तर पाणी स्वच्छ. पापुद्रा नाही, साय नाही, वासही जवळजवळ नाही. डोळे चोळून पुन्हा बघितलं. तेवढ्यात लिंब्याचा फोन.

"ताई, झालं की नाही साफ?"

त्याचा आवाज आनंदाने फाटला होता. कंपनीकडे एक औषध असतं म्हणे, ते मारलं की तेलाचे बारीक बारीक थेंब होतात आणि ते दिसेनासं होतं. त्यांची बोट खरं तर ते घेऊन बाहेर खोल समुद्रात निघाली होती. "मी कॅप्टनच्या पाया पडलो," तो म्हणाला. "म्हटलं, तिथे माझा बाप आहे, त्याच्या कालवांच्या आया आहेत, आधी तिथे मारा. ऐकलं त्याने. फवाऱ्यावर मीच उभा होतो. उघडा आता पाणी."

माझा जीव भांड्यात पडला. बाबांनी तरीही बादली सोडली, घोट घेतला, घोळवला, थुंकले. "चालेल," म्हणाले आणि स्वतःच्या हाताने व्हॉल्व्ह उघडला. पाणी हौदात पडायला लागलं, तशी थोड्या वेळाने एकेका आईने फट उघडली. इतके दिवस तोंड मिटून उपाशी होत्या, ताज्या पाण्याला भुकेल्या होत्या. बाबा वाकून बघत होते. "बघ कशा पितायत," ते मला म्हणाले. मुलगा पहिल्यांदा चालायला लागला तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लं टाक्यांच्या तळाशी होती, पिठासारखी बसलेली. मी हवा वाढवली, पाणी ढवळलं. पीठ वर उठलं आणि परत खाली बसलं. मग आयांच्या हौदाकडे गेले. जिवंत कालवाला नखाने टक केलं की ते शिंपला मिटतं. मेलेलं मिटत नाही. बाबा एकेक आई हातात घेत होते आणि टक करत होते. मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. सगळ्या उघड्या होत्या. काही टक केल्यावर अर्धवट हलल्या, आणि मी आशेने त्या बाजूला काढून ठेवल्या. दुपारपर्यंत त्याही उघड्याच राहिल्या.

मध्येच कंपनीच्या तपासणीवाल्या बाई पाण्याचे नमुने घ्यायला आल्या. त्यांनी दोरीला बांधलेली बाटली धक्क्यावरून थेट तळाशी सोडली आणि वर काढली. पाणी गढूळ होतं, चहा पिऊन झालेला कप विसळल्यावर निघावं तसं. बाईंनी ते उजेडात धरलं आणि आवाज न चढवता समजावून सांगितलं. तेल गेलेलं नाही. औषधाने ते फुटतं आणि खाली उतरतं. खोल समुद्रात ते पसरून विरळ होतं, म्हणून तिथे मारतात. उथळ पाण्यात, किनाऱ्याजवळ मारायला मनाई आहे. वाईट माणूस नव्हत्या त्या.

"इथे कुणाच्या सांगण्यावरून मारलं, तुम्हाला काही माहीत आहे?" त्यांनी विचारलं. "ते कळलं तर मला पुढे काही करता येईल. नाही तर कागदावर ही फवारणी झालेलीच नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी तोंड उघडलं. पण बाबा आधी बोलले.

"नाही," ते म्हणाले. "आम्हाला काय माहीत असणार."

बाई गेल्यावर मी तोंडाचा पट्टा सोडला. इतक्या वर्षांचं राखलेलं गेलं आणि तुम्ही गप्प? ज्या मूर्खाने विचार न करता, कुणाला न विचारता, असं बरंच. बाबा हौदातलं पाणी काढून टाकत होते.

"आया गेल्या," ते म्हणाले. "पोरगा तरी राहू दे."

मी बादली उचलली आणि शिंपले बाहेर नेऊन ओतायला लागले.

लिंब्या सुट्टीवर आला तो दोन्ही हातांची सालं निघालेला, उन्हाने रापलेला. फवाऱ्यातल्या औषधाने झालं, म्हणाला, होईल बरं. रिकामी शेड बघून दारातच थांबला. बाबांनी त्याला सांगितलं, की पंप बिघडला, पाणीच मिळालं नाही बिचाऱ्यांना, माझंच दुर्लक्ष झालं. ज्या माणसाने जन्मात पंपाकडे दुर्लक्ष केलं नाही, त्याने हे सांगितलं आणि लिंब्याने ते खरं मानलं. तो हौदाच्या कठड्यावर बसून लहान मुलासारखा रडला. त्याला थोपटावं की एक ठेवून द्यावी, हे मला ठरवता येईना. मी थोपटलं. उद्या-परवा कुणीतरी त्याला खरं सांगेलच, बोटीवर म्हणा, धक्क्यावर म्हणा. ते माझ्या हातात नाही.

"निदान खाडी तरी वाचली," तो नाक पुसत म्हणाला.

"हो," बाबा म्हणाले. "खाडी वाचली."

मग त्याला उत्साह चढला. नव्या आया शोधू, पुन्हा सुरुवात करू, आधी टाक्या तर धुऊन घेऊ. लहानपणी करायचा तसा तो धावत धक्क्यावर गेला, बादली सोडून पाणी काढलं आणि सालं गेलेल्या हातांनी बाबांसमोर धरलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. घोटभर तोंडात घेतलं, बराच वेळ घोळवलं आणि थुंकायच्या ऐवजी गिळलं.

"चालेल," ते म्हणाले.

लिंब्याने व्हॉल्व्ह उघडला. तळातलं पाणी रिकाम्या टाक्यांत पडायला लागलं, आणि तो आतून मला हाका मारत होता, ताई, ये ना, बघ तरी, किती स्वच्छ आहे.