कमिटीची वरात

पैज लागली आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात. भांडण पाण्याच्या मोटरचं चाललं होतं, आणि एकनाथकाका मध्येच म्हणाले, "ते जामबागचं सकाळचं कॉलेज नॅकमध्ये पास झालं ना, तर मी हाफ पँट घालून, पाठीला दप्तर लावून, त्यांच्या गेटवर एकोणतिसाचा पाढा म्हणेन."

काका रेल्वेच्या अकाउंटमधून रिटायर झालेले. घरात पंचांग, बाहेर सल्ले.

"लागली," मी म्हणालो. "नाही झालं तर वर्षभर मी कुणाची खोडी काढणार नाही."

झालं, सगळी बिल्डिंग काकांच्या बाजूला गेली. एखादं कॉलेज नापास व्हावं म्हणून इतक्या लोकांनी देवाला हात जोडलेले मी पहिल्यांदाच पाहिले. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. आदल्याच आठवड्यात मी काकांच्या स्कूटरला नवरदेवाचा सेहरा बांधला होता आणि काका तसेच बँकेत जाऊन आले होते. मी बबलू. पन्नाशी उलटली, तरी बबलूच. टेंट हाऊस आहे माझं.

नॅकवाले कॉलेज तपासतात आणि ग्रेड देतात. कॉलेजच्या ट्रस्टींनी ठरवलं होतं, ग्रेड आली तर कॉलेज, नाहीतर कुलूप घालून लग्नाचा फंक्शन हॉल. फंक्शन हॉल झाला असता तर सगळ्यात जास्त धंदा माझाच. तरी मी कॉलेजवर पैज लावली, त्याला कारण होत्या पद्मावतीकाकू. म्हणजे काकांच्याच बायको.

एकदा कॉलेजात खुर्च्या पोचवायला गेलो, तर काकू मागच्या बाकावर बसून उतरवून घेतायत. बी.कॉम., दुसरं वर्ष. घरी सांगायचं, देवळात जाते. त्यांनी तिथंच माझा कान पकडला. "बबलू, ह्यांना बोललास तर बघ. लग्नात सोडलेलं शिक्षण आहे. एकच वर्ष राहिलंय. या वयात कायकू म्हणून हसत बसतील." मी त्यांना वचन दिलं. मी वचन पाळतो, फक्त कुणाला सांगत नाही.

आता गंमत बघा. कमिटी सोमवारी येणार होती. ट्रस्टींनी मुहूर्त विचारला काकांनाच. काकांनी पंचांग उघडून सांगितलं, सोमवारी सकाळी राहुकाळ, तो टळल्यावरच कमिटीला आत घ्या. ट्रस्टींनी मान डोलावली. आणि कॉलेज भरतं नेमकं राहुकाळात. तो संपतो तेव्हा पोरं पुस्तकं मिटून आबिड्सच्या बाजारात पळालेली असतात, दुकानं उघडायला. प्रिन्सिपल वासंती मॅडमना कळलं तेव्हा कमिटीला पत्र गेलेलं होतं. ट्रस्टी मला म्हणाले, तुझे मंडपवाले पोट्टे बसव वर्गात. मॅडम म्हणाल्या, "खोटी मुलं बसवायची असतील तर आधी मला उठवा."

सोमवारी कमिटी आली. तीन माणसं, दिल्लीकडची. मागोमाग काका, सफारी घालून, मजा बघायला. एक वर्ग रिकामा. दुसरा रिकामा. कमिटीचे मोठे साहेब चष्मा पुसायला लागले. काकांनी मला डोळा मारला.

तिसऱ्या वर्गात एकच विद्यार्थिनी बसली होती. मागच्या बाकावर.

मी मनात म्हटलं, काकू, वाका, बाकाखाली वाका. त्यांनी नवऱ्याला पाहिलं. पदर नीट केला आणि उभ्या राहिल्या.

"बच्चे शटर उठाने गए, साब," त्या म्हणाल्या. "कॉलेज इधर है, बच्चे उधर हैं. चलो, मिलाती मैं."

साहेब म्हणाले, कसं जायचं? माझी वरातीची जीप गेटवर उभी होती, उघडी, पांढरी, कालच्या लग्नाची झेंडूची माळ अजून तिच्यावर. मॅडम आणि कमिटी मागं बसली. काकू मध्ये. काका बावचळून माझ्या शेजारी.

"तू देवळात जाते म्हणायचीस," काका मागं न बघता म्हणाले.

"जाते की. येताना."

"आणि घरी आणतेस तो प्रसाद?"

"खरा आहे. गुमान बसा, साहेब आहेत."

आबिड्सला पहिलं साड्यांचं दुकान. काउंटरवर रसिका, काकूंच्याच वर्गातली. साहेबांनी विचारलं, आज काय शिकवलं? ती म्हणाली, घसारा. आणि दारातल्या पुतळ्याकडे बोट दाखवून सांगितलं, हा आणला तेव्हा केवढ्याचा, दरवर्षी किमतीतून किती कमी करायचं, नाक तुटल्यावर वहीत काय लिहायचं. पुढं घड्याळाच्या दुकानात ओमकार, तोही घसाराच, पण घड्याळ दुरुस्तीच्या मशीनवर. मग चष्म्याचं दुकान, मग झेरॉक्स. प्रत्येक काउंटरमागून एकेक विद्यार्थी निघायला लागला. जीपमागं लोक जमले, त्यांना वाटलं लग्न आहे. एकानं विचारलंसुद्धा, दुल्हा किधर है? मी काकांकडे बोट दाखवलं.

एका दुकानाचा मालक बाहेर आला आणि म्हणाला, मी पण या कॉलेजचाच, पहिल्या बॅचचा. मोठ्या साहेबांनी हातातली फाइल मिटली आणि चहा मागवला.

ग्रेड आली. ए.

एकनाथकाका शब्दाचे पक्के. सकाळी, भर राहुकाळात, गेटवर हजर. निळी हाफ पँट, पाठीला नातवाचं दप्तर, पायात पॉलिश केलेले बूट. सगळं कॉलेज बाहेर, सगळी बिल्डिंग बाहेर. खुर्च्या माझ्याकडून फुकट.

"एकोणतीस एके एकोणतीस," काकांनी सुरू केलं. पोरं एकसुरात मागं म्हणायला लागली. अठ्ठावन्न झालं, सत्त्याऐंशी झालं. साताला गाडी अडली. काकांनी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दोनशे तीन," पुढच्या रांगेतून काकू म्हणाल्या. "म्हणा पुढं."

काकांनी म्हटला, दाही दिशांना ऐकू जाईल असा, शेवटपर्यंत. टाळ्या थांबेनात. मग काकूंनी उठून आपली पुस्तकांची पिशवीही त्यांच्या खांद्याला अडकवली.

"माझा वर्ग सुटेपर्यंत इथंच थांबा," त्या म्हणाल्या. "घरी बरोबरच जाऊ."

आणि काका थांबले. हाफ पँटमध्ये, गेटला टेकून, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "मिसेस आत आहे. बी.कॉम. करतेय."