समुद्र ऐकणारं वल्हं

समुद्रात काय चाललंय हे कळायला तुम्ही कशावर भरवसा ठेवाल, डोळ्यांवर की कानांवर? घाई नको. आधी माझं ऐका, मग सांगा.

मी वल्हं बोलतोय. आमच्या उत्तरेकडच्या बर्फाळ किनाऱ्यावर झाड उगवत नाही. मी कुठल्याशा दूरच्या नदीतून ओंडका होऊन वाहत आलो. आमच्या गावातल्या मियालीच्या वडिलांनी मला तासलं. पाणी मागे सारणं काय, कोणतंही वल्हं करील. माझं खरं काम वेगळं. पातं पाण्यात सोडायचं, मुठीचं टोक जबड्याला टेकवायचं, की खालचं सगळं ऐकू येतं. वसंतात मिशाळ सील, म्हणजे लांब मिशांचे समुद्री प्राणी, पाण्याखाली गातात. लांबलचक, घरंगळत जाणारी शीळ. ते गाणं संपेपर्यंत खाडीत इंजिन लावायचं नाही, हा गावाचा शिरस्ता. म्हणून तर सील दरवर्षी परततात आणि घरोघर त्यांचं मांस शिजतं.

एका वर्षी मालवाहू जहाजवाल्यांनी विचारलं, वसंतातच खाडीतून येऊ का? पीठ, चहा, तेल स्वस्त पडेल. गावाची बैठक ठरली. मियालीच्या धाकट्या भावाने, पाउलुसीने, नुकतंच नवं इंजिन घेतलेलं.

"ताई, मी तर जहाजाला हो म्हणून हात वर करणार, म्हणजे माझं इंजिनही चालेल. नाहीतर वल्हवून वल्हवून म्हातारा होईन."

"झालायस की! आरसा बघत नाहीस वाटतं? चल, बैस नावेत."

खाडीच्या मध्यावर तिने मला त्याच्या जबड्याला टेकवलं. तो हसला. "अगं, हा सील तर आपल्या मामासारखा गातोय, थांबायचं नावच नाही!"

तेवढ्यात खाडीच्या तोंडाबाहेरून एक जहाज गेलं. मी मुठीपर्यंत थरथरलो. एक शीळ मध्येच तुटली. मग दुसरी. जहाज दिसेनासं झालं, तरी खाली सामसूमच. पाउलुसीने मला दुसऱ्या गालाला लावून पाहिलं.

"हे बाहेरून गेलं," मियाली म्हणाली. "आतून गेलं तर?"

त्याने नाव किनाऱ्याकडे वळवली.

बैठकीत त्याचा हात वर गेलाच. मियालीने मान खाली घातली. पण त्या हातात मी होतो!

"गाणं संपेपर्यंत जहाजाने बाहेर थांबावं. पीठ संपलं तर ताईकडे जेवायला या सगळे."

"अरे, मला विचारलंस का?" मियाली ओरडली. हशा पिकला आणि जहाज बाहेर थांबलं. चारचौघांत मत बदलणारी माणसं मी फार पाहिली नाहीत, पाउलुसी त्यांतला एक.

आता माझं पातं चिरलंय. तरी वसंत आला की पाउलुसी इंजिनावर ताडपत्री टाकतो आणि मलाच उचलतो. तुमच्याकडे एकच मागणं: स्वस्त पीठ जमेला धराल, तेव्हा गप्प झालेला समुद्र खर्चात धरा. हिशेब खरा ठेवा.