तिसऱ्या टेबलाखालचे जावईबापू

मित्रांनो, माझं वजन बरोबर साठ किलो आहे आणि उभ्या आयुष्यात मी स्वतःच्या पायांनी एक पाऊलही टाकलेलं नाही. मी सरावासाठी शिवलेला एक जुना बाहुला आहे. आग लागली, भिंत कोसळली, तर अडकलेल्या माणसाला कसं सोडवायचं हे शिकणारे लोक आधी मला सोडवतात.

अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या एक बाई एका कचेरीतल्या कर्मचाऱ्यांना आणि दलाच्या जवानांना संकटकाळाचं प्रशिक्षण द्यायच्या. त्यांनीच मला घडवलं. "विकतचे बाहुले फार हलके, उचलताना घाम फुटला पाहिजे," असं म्हणत त्यांनी जाड कापडाचे हातपाय शिवले, त्यांत वाळू भरली, वर जुना गणवेश आणि खरेखुरे बूट चढवले. डोळ्यांना दोन बटणं लावली. तोंड मात्र लाल दोऱ्याचं, बंद. "याला बोलता येत नाही, म्हणून तुम्ही बोलायचं," त्या प्रत्येक तुकडीला बजावायच्या. "उचलण्याआधी विचारा, ऐकू येतंय का? चेहऱ्याला हात लावून बघा." लोक खाली माना घालून हसायचे. वाळूच्या पोत्याची कसली विचारपूस करायची!

सगळ्यांनी उचलून धरायचं आणि आपण नुसतं लोळत पडायचं, म्हणून माझं नाव पडलं जावईबापू.

पहिल्या सरावाला मला त्या कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत नेलं आणि तिसऱ्या टेबलाखाली झोपवलं. पुढच्या वेळीही तिथेच. हे धूड घेऊन दर वेळी नवी जागा कोण शोधणार? सराव संपला की जवान मला परत त्याच टेबलाखाली ढकलून द्यायचे. अशी पाच वर्षं गेली.

त्या खोलीचा कारभार एका ताईंकडे होता. एका पायाने किंचित लंगडणाऱ्या, तोंडाने सतत बडबडणाऱ्या. सकाळी आल्या की विचारायच्या, "काय जावईबापू, झोप झाली का?" गारठा पडला की स्वतःची शाल माझ्या अंगावर टाकायच्या. इतर लोक मला पायाने सरकवायचे. ताईंनी मात्र कधी चुकूनही पाय लावला नाही. मला हृदय नाही म्हणतात, पण त्या सुट्टीवर गेल्या की मला करमायचं नाही.

आणि सरावात पटाईत होता लांब्या, दलातला उंच जवान, दोन मुलींचा बाप. दार, डावीकडची भिंत, तिसरं टेबल, आणि चाळीस सेकंदांत मी त्याच्या खांद्यावर! खाली टाळ्या पडायच्या. लांब्या खूश, साहेब खूश, आणि खरं सांगतो, मीही फुशारून जायचो.

मग एका दुपारी खालच्या मजल्यावर तारा जळाल्या. बघता बघता धूर जिन्याने वर चढला. ताई मागच्या छोट्या खोलीत कागद लावत होत्या. त्या खोकत त्या छोट्या खोलीच्या दारापर्यंत आल्या आणि तिथेच कोसळल्या. माझ्यापासून जेमतेम सहा पावलांवर.

बंब आला. "वर ताई आहेत!" असा खाली एकच गलका झाला. लांब्या तोंडाला मास्क लावून रांगत आत शिरला. दार, डावीकडची भिंत, तिसरं टेबल. काळाकुट्ट धूर, हातात जाड हातमोजे. त्याच्या हाताला बूट लागला. "सापडल्या!" असं ओरडून त्याने मला खांद्यावर घेतलं.

अरे बाबा, मी नव्हे! मी नव्हे रे! मला ताईंचा खोकला ऐकू येत होता. लांब्याला मास्कमध्ये स्वतःच्याच श्वासाचा आवाज. त्याने ना विचारलं, ना चेहरा चाचपला. लाल दोऱ्याचं ते तोंड उसवावं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. तो मला जिन्याने खाली नेत होता आणि मागचा खोकला बारीक होत चालला होता.

त्या दिवशी शिकवायला आलेल्या बाई अंगणात हजेरीची यादी घेऊन उभ्या होत्या. मला पाहताच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे, हे जावईबापू! ताई कुठायत?"

लांब्याने मला तिथेच टाकलं आणि तो उलट्या पावली पळाला. या वेळी तो कोपरा न् कोपरा चाचपत, हाका मारत गेला. ताईंना घेऊन तो बाहेर आला, तेव्हा त्या श्वास घेत होत्या. नुसता घेत होत्या, एवढंच.

संध्याकाळी तो माझ्याशेजारी जमिनीवर बसून रडला. "पोत्याला वाचवलं मी," एवढंच म्हणत राहिला. बाई त्याच्याजवळ बसल्या. "तू एकटा नाही चुकलास. पाच वर्षं आम्ही तुम्हाला माणूस शोधायला शिकवलंच नाही. टेबल शोधायला शिकवलं."

त्यानंतर मी सगळ्यांना नकोसा झालो. गाड्यांच्या शेडमागे उन्हात पडून राहिलो. खांद्याची शिवण उसवली, वाळू गळू लागली. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. ताईंचं काय झालं, हेच कोणी सांगत नव्हतं.

तीन महिन्यांनी शेडमागून ओळखीची लंगडी पावलं वाजली. "अगंबाई, काय ही दशा जावईबापूंची!" आवाज घोगरा झाला होता, पण बडबड तीच. ताईंनी पिशवीतून सुई-दोरा काढला आणि माझा खांदा शिवला. मग बाईंना ठणकावून सांगितलं, "आता याला लपवायचं काम माझं. बघू कोणाला सापडतो!"

तेव्हापासून मी कधी जिन्याखाली असतो, कधी स्वच्छतागृहात, कधी कपाटामागे. मित्रांनो, तुमच्या शाळेतही असा सराव होत असेल. दर वेळी त्याच दाराने रांगेत बाहेर पडून टाळ्या वाजवू नका. एखादं दार बंद आहे असं समजा. बाहेर आल्यावर शेजारचा आला का, ते बघा. आणि माझ्यासारखा कोणी भेटला, तर हसू आलं तरी चालेल, पण त्याला विचारा.

परवाच्या सरावात लांब्याला मला शोधायला अकरा मिनिटं लागली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याने आधी माझी बटणं चाचपली, मग हळूच विचारलं, "जावईबापू, ऐकू येतंय का?" मला खांद्यावर घेऊन तो दारात थांबला आणि रिकाम्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने ओरडला, "अजून कोणी आहे का आत?"

तो आता दर वेळी ओरडतो. आणि दर वेळी खालच्या अंगणातून तो घोगरा आवाज येतो, "मी बाहेर आहे रे, लांब्या! ये तू खाली."

त्याशिवाय तो जिना उतरत नाही.