वरणातलं तूप

राखीच्या पोटातली पित्ताची पिशवी काढली, तरी तिचं दुखणं काही सुटलं नाही. दिग्रसला सासरी जेवण झालं की बरगडीखाली कळ उठायची आणि ती भिंत धरून बसायची. "पिशवीच नाही तं दुखते काय?" असं म्हणत नवऱ्यानं, लखननं, तिला तांड्यावर आईकडे आणून सोडलं.

यवतमाळच्या डॉक्टरांनी आईला, जमनीला, नीट समजावलं होतं. पिशवी गेली तरी पित्ताची नळी आहेच, आणि तिच्या तोंडाशी स्नायूचं कडं असतं. पोटात तूप-तेल उतरलं की ते सैल पडायला हवं. राखीचं उलट आवळून बसतं. फोटोत दिसत नाही, पण दुखणं खरं आहे. तूप बंद.

जमनीनं मान हलवली. पण तुपावर बाळंतिणी उभ्या केलेल्या बाईला हे पटणार कसं? तरी तिनं कोरडी भाकरी वाढली, आणि राखी हळूहळू हसू-बोलू लागली. मग लखन न्यायला येतो असा निरोप आला. लेक सासरी निघणार आणि ताटात तुपाचा थेंब नाही! तांड्यात अशी लेक कोणी बोळवली होती? चमचाभरानं काय आभाळ कोसळतं, असं म्हणत तिनं वरणात तूप घोटलं आणि वास लपावा म्हणून लसूण ठेचून घातला.

लखन आला, चुरमा खाऊन खूश झाला. राखीनं वरण-भाकरी खाऊन बॅग उचलली आणि तिथंच वाकली. कपाळावर घाम डवरला.

"पाह्यलं? निघाची वेळ झाली का हिचं नाटक सुरू!" लखन उठला. "ठेवा तुमच्यापाशीच. मी आता पुन्हा येत नाही."

जमनी त्याच्यामागे धावली. "जावईबापू, तिच्या वरणात मीनं तूप टाकलं! तिले ठाव नोतं."

लखन दारात थबकला. "राखीले ठावच नोतं?"

"नाही. चोरून टाकलं."

तो परत फिरला, राखीशेजारी खाली बसला. "मंग नाटक कायचं," तो पुटपुटला. "चुकलं माहं."

जमनीचा जीव भांड्यात पडला. ती लगबगीनं तांब्या भरून आली.

कळ ओसरेपर्यंत राखी डोळे मिटून होती. मग आईला म्हणाली, "याडी, यायनं नाही मानलं, ते परक्या घरचे. तू तं डॉक्टरच्या समोर बसली होती."

पुढे केलेला तांब्या तिनं घेतला नाही.

"तुमी आना पानी," ती लखनला म्हणाली.